सहवासांक

केतकी नेहेते ज्या घरी जायची, तिथे आधी पाणी मिळायचं, मग चहा. अंक सांगून झाल्यावर मात्र "बसा थोडं" असं कुणी म्हणत नसे. चारशेच्या वर घरं झाली होती तिची, त्यामुळे अंक सांगायच्या आधीच चहा संपवायची तिला सवय लागली होती.

नामदेव झोपे यांच्या घरीही तिने तसंच केलं. भुसावळला स्टेशनच्या पलीकडे त्यांचं मोटारींच्या सीटा शिवायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच दोन खोल्या. मुलगा पंकज दहावीला. तो आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसला होता, पण पान काही उलटत नव्हता.

"उणे एकतीस," केतकी म्हणाली.

"उणे म्हणजे मायनस ना?" झोप्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे तुम्ही घरात असताना पंकज जे वाचतो, ते तुम्ही नसतानापेक्षा एकतीस टक्क्यांनी कमी लक्षात राहतं."

झोप्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने उगीचच स्टीलचा डबा पुसत होती. "मी तर त्याला काही बोलतसुद्धा नाही मॅडम. दुकान बंद केलं की खाटेवर पडून बातम्या बघतो. त्याही आवाज बंद करून."

"हा तुमच्या मायेचा अंक नाही, भाऊ." हे वाक्य केंद्रातल्या प्रशिक्षणात तिच्याकडून घोटून घेतलं होतं. "तुमचं काही चुकलं असाही त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही जवळ असलात की त्याच्या मेंदूला काहीतरी सावध राहावंसं वाटतं, एवढंच."

"आणि मी जवळ नसलो तर?"

"तर सुधारतं. दहापैकी आठ मुलांमध्ये सुधारलंय."

गिऱ्हाइकाने माप सांगावं आणि आपण ते लक्षात ठेवावं, तशी झोप्यांनी मान डोलावली. "बारावीपर्यंत म्हणजे तीन वर्षं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं. केतकीने गाडीत बसून अहवालात लिहिलं : पालकांनी निकाल समजूतदारपणे स्वीकारला. खरोखरच तिला त्या दिवशी काम चांगलं झाल्यासारखं वाटलं.

हे सगळं सुरू झालं होतं जळगावच्या अध्ययन-मानस केंद्रात, दहाएक वर्षांपूर्वी. प्राध्यापक अनुराधा दाबके यांना एकच गोष्ट शोधायची होती. दोन मुलं तेच पान तितकाच वेळ वाचतात, मग एकाच्या डोक्यात ते राहतं आणि दुसऱ्याच्या का राहत नाही? मेंदूच्या आत, साधारण कानांच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला भाग असतो. नवी गोष्ट पहिल्यांदा तिथे उतरते. कपाळामागचा भाग ती निवडतो, तिला जुन्या माहितीशेजारी नेऊन लावतो. हे दोन भाग एका लयीत चालले की वाचलेलं टिकतं. लय तुटली की डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मागे काहीच उरत नाही. एवढं जगाला आधीपासून ठाऊक होतं. दाबकेताईंनी केलं ते असं, की ती लय पकडणारं यंत्र त्यांनी नखाएवढं लहान केलं आणि कानामागे चिकटवलं. लोक त्याला टिकली म्हणू लागले.

टिकली लय मोजायची, घामातलं ताणाचं रसायन मोजायची आणि आजूबाजूला कोण आहे हे आवाजावरून ओळखायची. काय बोललं जातंय ते ती साठवत नसे. सहा आठवडे ती लावून ठेवली, की हिशेब सोपा होता. तेच मूल, तोच विषय, तीच वेळ. आई शेजारी असताना किती टिकलं आणि नसताना किती. बाप असताना किती, आजोबा असताना किती. ज्या माणसामुळे शिकणं वाढतं त्याचा सहवासांक अधिक, ज्याच्यामुळे घटतं त्याचा उणे.

ताईंना मुळात पालकांना मदत करायची होती. पहिल्या वर्षीच्या अहवालात अंकाखाली चार पानं सल्ला असायचा : आवाज चढवू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, मार्क विचारण्याआधी दिवस कसा गेला ते विचारा. लोकांनी तो मनापासून पाळला. अंक फारसे हलले नाहीत. हलले ते फक्त एका गोष्टीने, ते माणूस घरातून गेलं की. पुढच्या अहवालांतून ती चार पानं गेली आणि अंक तेवढा राहिला.

मग राज्यातल्या अकरा गुणवत्ता महाविद्यालयांनी प्रवेशअर्जात सहवासांकाचा रकाना टाकला. घरात उणे वीसच्या खालचं माणूस राहत असेल तर अर्ज छाननीतच बाद. जागा मोजक्या आहेत, त्या वाया जाणाऱ्या मुलांना का द्यायच्या, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढणं कठीण होतं. वर्षभरात महामार्गालगतच्या बंद पडलेल्या लॉजांवर पालक निवासाच्या पाट्या लागल्या. एके काळी मुलं वसतिगृहात जायची. आता आईबाप जाऊ लागले.

केतकीची मुलगी चिन्मयी दहावीत गेली तेव्हा झोप्यांच्या घरच्या भेटीला चार वर्षं उलटली होती. आपल्याच घरची तपासणी करायची परवानगी कर्मचाऱ्यांना नव्हती, म्हणून एका सहकाऱ्याने ती केली. निकाल केतकीने कचेरीतल्या पडद्यावर उघडला. नवरा हेमराज औष्णिक वीज केंद्रात पाळीवर जाणारा, निम्मा वेळ घराबाहेर. त्याचा अंक अधिक तीन. त्याखाली तिचा. उणे सत्तावीस.

नावांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिने पुन्हा वर पाहिलं. मग आवाजाची ओळख तपासली, तारखा तपासल्या, कच्ची नोंद काढून आकडेमोड हाताने केली. या यंत्रात कुठे चूक होऊ शकते हे जिल्ह्यात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तिला चूक सापडली नाही. तिने फेरतपासणी मागितली. सहा आठवड्यांनी उणे एकोणतीस आले.

ती दाबकेताईंकडे गेली. ताई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. खोलीत एकट्याच, समोर डब्यातलं थालीपीठ अर्धं खाऊन तसंच.

"ओरडतेस तिच्यावर?"

"नाही."

"अपेक्षा बोलून दाखवतेस?"

"ताई, हे प्रश्न मीच लोकांना विचारत फिरते."

"मग लोकांना पुढचं काय सांगतेस तेही तुला माहीत आहे." ताईंचा आवाज कोरडा नव्हता. "केतकी, कारण शोधत बसू नकोस. कारण सापडलं तरी अंक बदलत नाही. आपण पाहिलंय ते."

कारण तिने शोधलं नाहीच. ते चिन्मयीने आपणहून सांगितलं. रविवारची दुपार होती, थंडीचे दिवस, दोघी गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मला माहितीये तुझा मायनस का आलाय ते," चिन्मयी म्हणाली.

केतकीचे हात थांबले नाहीत. "का?"

"तू स्वयंपाकघरात असलीस ना, की मी ऐकत असते."

"काय ऐकतेस?"

"तुलाच. भांडी वाजतायत, नळ चालू आहे, बांगड्या वाजतायत. ते चालू असतं तोवर मी वाचते. मध्येच सगळं थांबलं की मोजते, दहापर्यंत. तोवर काही वाजलं नाही तर उठून बघून जाते."

तेव्हा केतकीला आठवलं, की पाणी प्यायला म्हणून ही पोरगी दिवसातून कितीदा तरी आत येते आणि पाणी न पिताच जाते.

तीन वर्षांपूर्वी केतकी ओट्यापाशी कोसळली होती. हृदयाचे ठोके मध्येच मंदावत होते आणि ते कुणाला कळलं नव्हतं. घरात बारा वर्षांची चिन्मयी एकटी. तिने बापाला फोन केला, शेजारच्या काकूंना हाक मारली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आईच्या छातीवर कान ठेवून बसली. पुढे पेसमेकर बसला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. केतकी सहा आठवड्यांत कामावर रुजू झाली आणि घरातल्या सगळ्यांनी तो विषय मिटला असं धरलं.

"पण आता मला काही होत नाही, चिनू. यंत्र आहे ना आत."

"माहितीये."

"मग?"

"मग काय? कान माझं ऐकत नाहीत." चिन्मयी हसली आणि मूठभर दाणे ताटलीत टाकून पुढची शेंग उचलली. "मला ते कॉलेज नकोय आई. मी इथल्याच साध्या कॉलेजात जाईन."

यावर केतकीने हो म्हणायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा तिला वाटलं, की तेवढं एक हो म्हटलं असतं तर झालं असतं. पण साध्या कॉलेजातून मेडिकलला कुणी लागलेलं तिच्या माहितीत नव्हतं, आणि चिन्मयीला डॉक्टर व्हायचं होतं. आईच्या छातीवर कान ठेवून बसली त्या दिवसापासून व्हायचं होतं. ती म्हणाली, "बघू."

हेमराजने बघू म्हटलं नाही. "चारशे घरांत तू हेच सांगून आलीस," तो म्हणाला. "बाया रडल्या तरी सांगितलंस. आता आपल्या घरी आल्यावर विज्ञान खोटं झालं का?"

"खोटं कुठे म्हणतेय मी?"

"मग?" त्याने विचारलं खरं, पण तिच्याकडे बघायचं टाळलं. "मी सांभाळीन तिला. डबा करीन. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात केतकीने बॅग भरली. चिन्मयी दारात उभी राहिली, पण रडली नाही. "गोळी सकाळची आठची असते," एवढंच तिने आईला बजावलं.

निवासातल्या कचेरीसमोर केतकी चावी मिळायची वाट बघत उभी होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तपासणीला आलात?"

तिने वळून पाहिलं. नामदेव झोपे होते. केस पूर्ण पिकले होते.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "राहायला आले."

झोप्यांनी तिची बॅग उचलली आणि जिना चढायला लागले.

जेवणघरात ते तिच्या समोर बसले. निवासात तेव्हा एकशे दहा माणसं होती : शिक्षक, दुकानदार, एक न्यायाधीश, दोन आज्या. शेवभाजी होती आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. "पहिला महिना जड जातो," झोपे म्हणाले. "नंतर आपोआप जातात दिवस. मी मागच्या पडवीत मशीन लावलंय. गाड्यावाले येतात इथपर्यंत."

"पंकजची बारावी तर झाली ना?"

"झाली की. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. चांगलं चाललंय."

"मग तुम्ही अजून इथे?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "गेलो होतो घरी. उन्हाळाभर राहिलो. बायकोला माझी सवय राहिली नव्हती. पंकज सुटीला आला, तर त्याला माझ्याशी काय बोलावं ते कळेना. प्रयत्न करायचा बिचारा. आज ऊन किती आहे, असं विचारायचा. मी म्हणायचो, पंचेचाळीस आहे. तो म्हणायचा, फारच आहे." त्यांनी तो तुकडा शेवभाजीत बुडवला. "पोरगं शिकलं ना मॅडम. तुम्ही सांगितलंत तसंच झालं अगदी."

ते हे टोचून बोलत नव्हते. टोचून बोलले असते तर केतकीला घास गिळता आला असता.

निवासाचे नियम होते. रविवारी एक तास भेट, घराबाहेर. रोज दहा मिनिटं फोन, परीक्षेच्या आठवड्यात तोही नाही. सुरुवातीला चिन्मयी फोन उचलताच विचारायची, "जेवलीस? गोळी घेतलीस? श्वास लागत नाही ना?" दहा मिनिटं संपत आली की घाईघाईने बोलायची, वाक्य अर्धंच राहायचं. गुणवत्ता महाविद्यालयात तिचा प्रवेश झाला. टिकलीची रेघ दर आठवड्याला केतकीच्या फोनवर यायची आणि ती रेघ वर चढत होती. केतकी ती कचेरीत उघडायची, निवासात उघडायची, जेवताना शेजारच्या बाईला दाखवायची. आपण जवळ नाही याचा उपयोग होतोय, हे इतकं स्पष्ट दिसत असताना दुःख करायला जागाच उरत नव्हती.

आठव्या महिन्यात कधीतरी चिन्मयीने गोळीचं विचारलं नाही. केतकीच्या ते दोन दिवसांनी लक्षात आलं. तिला बरं वाटलं, पोरगी मोकळी झाली म्हणून. पुढे रविवारची भेट पाऊण तासात संपू लागली, मग अर्ध्या तासात. "आई, मला प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायचीय," चिन्मयी म्हणायची आणि ते खरंच असायचं. बारावीच्या वर्षी फोनवर दहा मिनिटं पुरून उरायची. केतकी निवासातल्या गमती सांगायची, चिन्मयी "हो का?" म्हणायची. आवाजात राग नसायचा, कंटाळाही नसायचा.

चिन्मयी मेडिकलला लागली, पहिल्याच फेरीत. पेढे घेऊन हेमराज निवासात आला आणि जिन्यातच रडायला लागला. केतकीही रडली. झोप्यांनी दोन पेढे घेतले, एक खाल्ला आणि एक खिशात ठेवला.

घरी परतण्याआधी शेवटची तपासणी करायचा नियम होता. त्यासाठी केतकी सहा आठवडे घरी जाऊन राहिली, चिन्मयी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं आधीच आणून वाचत होती, कानामागे टिकली होती. पहिल्या दिवशी केतकी आत आली तेव्हा चिन्मयी उठून उभी राहिली, म्हणाली, "ये आई, बस. पाणी देऊ?" आणि पेल्याखाली बशी ठेवून पाणी आणलं. त्या घरात बशी फक्त पाहुण्यांना द्यायचे.

चौथ्या दिवशी केतकीने एक गोष्ट केली, जी तिने पुढे कुणालाही सांगितली नाही. ती भांडी घासत होती. चिन्मयी पलीकडच्या खोलीत वाचत होती. केतकीने नळ बंद केला, बांगड्या मनगटावर घट्ट धरल्या आणि ओट्याला टेकून गप्प उभी राहिली. तिने दहापर्यंत मोजलं. मग शंभरपर्यंत. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एकदा. ती तीनशेपर्यंत मोजत राहिली आणि मग नळ सुरू केला, कारण भांडी तर घासायचीच होती.

सहा आठवड्यांनी निकाल आला. शून्य.

"अभिनंदन," दाबकेताई म्हणाल्या. "उणे एकोणतीसवरून शून्य म्हणजे अगदी उत्तम. आता तू खुशाल घरी राहा."

केतकीने त्यांच्यापुढे एक तक्ता ठेवला. गेल्या आठ वर्षांत ज्यांचे पालक घर सोडून गेले होते, अशा एकोणीसशे मुलांच्या शेवटच्या तपासण्या तिने एकत्र केल्या होत्या. "ताई, बहुतेक सगळे शून्याला येऊन थांबलेत. उण्यातून अधिकात गेलेला एकही नाही. असा शून्य कुणाचा असतो? वाटेवरून जाणाऱ्या माणसाचा असतो. भिंतीपलीकडच्या भाडेकरूचा असतो."

"म्हणजे अपाय थांबला."

"तिचं अर्धं लक्ष माझ्याकडे होतं म्हणून तो आकडा उणे होता. आपण त्याला गळती म्हटलं. मुलीला आईची काळजी होती, ताई. आपण ती काळजी तेवढी नेमकी काढून टाकली."

दाबकेताईंनी तक्ता खालपर्यंत वाचला. "मला मूलबाळ नाही, म्हणून मला कळत नाही असं म्हणायचं असेल तर म्हण," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुझी मुलगी डॉक्टर होतेय. तिला तेच हवं होतं. तिला विचार, तिची काही तक्रार आहे का."

केतकीने विचारलं नाही. तक्रार नव्हतीच. चिन्मयी ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसल्यावर हात हलवला. साडेपाच वर्षांचं शिक्षण होतं, मग पुढचं. ती नियमाने दर रविवारी फोन करत असे.

तक्त्याचं पुढे काय झालं, तर तो केंद्राच्या वार्षिक अहवालात छापला गेला. मथळा होता, उणे प्रभाव शून्यावर आणण्यात यश.

केतकीने नोकरी सोडली नाही. घरात आता दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं, हे एक कारण असेल. पण त्या डिसेंबरात ती सावद्याला अश्विनी सपकाळे नावाच्या बाईकडे गेली, तेव्हा तिने नियम मोडला. अश्विनी शाळेत पोषण आहार शिजवायची. नवरा वारलेला. मुलगी समृद्धी दहावीत, वर्गात पहिली. अंक उणे चौतीस.

केतकीने अंक सांगितला. अश्विनीचं तोंड उतरलं. घोटलेल्या वाक्याची वेळ आली, पण केतकी ते बोलली नाही. ती म्हणाली, "ताई, मी दोन वर्षं घराबाहेर राहिले. माझी मुलगी मेडिकलला लागली, पण मी तिची कुणी राहिले नाही. तुम्ही जाऊ नका. घरीच राहा."

अश्विनीने तिचे दोन्ही हात धरले. आजवर कुणी "बसा थोडं" म्हटलं नव्हतं. या बाईने तिला जेवायला बसवलं, समृद्धीने ताट वाढलं. केतकी त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा बऱ्याच वर्षांनी तिला शांत झोप लागली.

जूनमध्ये अश्विनी केंद्रात आली. सोबत समृद्धी होती. दहावीला सत्त्याण्णव टक्के मिळाले होते आणि अकराही महाविद्यालयांनी अर्ज छाननीतच बाद केला होता.

"तुम्ही म्हणालात, घरी राहा," अश्विनी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलांवरची माणसं बघू लागली. "मी अडाणी, मी तुमचं ऐकलं. तुमच्या मुलीला डॉक्टर केलंत आणि मग मला शहाणपण शिकवायला आलात. माझ्या मुलीचं काय? तिने माझ्यासारखी खिचडी शिजवत बसायचं?"

केतकी उभी होती. बाई म्हणत होती ते खरं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही तक्रार करा. मी लिहून देते."

"तक्रार घेऊन काय करू?" अश्विनी खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. समृद्धीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आई, नको ना. पाणी पी आधी," ती म्हणत होती, आणि आईच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलत नव्हती. आसपास कोण आहे, काय बोलतंय, याचं त्या मुलीला भान नव्हतं. आईचा हुंदका आला की हिचा श्वास अडकत होता. केतकीला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

थोड्या वेळाने अश्विनीने डोळे पुसले. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. पालक निवासाचा अर्ज होता, भरलेला. "दुसऱ्या फेरीत पाच जागा आहेत म्हणतात," ती हळू आवाजात म्हणाली. "आजपासून गेले तर धरतील का?"

"धरतील," केतकी म्हणाली.

"मग शिक्का मारा."

केतकीने शिक्का उचलला. तारीख लावली. कागद दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"कसला कागद आहे आई?" समृद्धीने विचारलं.

"काही नाही. ऑफिसचा आहे. तू बाहेर जाऊन बस."

"कसला आहे पण?"

"बाहेर बस म्हटलं ना."

केतकीने शिक्का मारला. पोरगी बाहेर गेली नाही. ती आईच्या खुर्चीला आणखी चिकटून उभी राहिली आणि कागदाकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडेच बघत राहिली.